दमवू नका, आधी झोपू द्या: शेल्टरमधून आलेली घाबरी कुत्री घरात कशी रुळवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दहा दिवसांपूर्वी शेल्टरमधून दोनेक वर्षांची गावठी कुत्री आणली. वजन १५ किलो, नसबंदी झालेली, कानाला खाच. दिवसभर दिवाणाखाली बसते आणि रात्री घरभर येरझाऱ्या घालते. पंख्याखालीही धापा टाकते, जेवण अर्धं टाकते. खाली नेलं की शू करत नाही, वर आली की हॉलमध्ये करते. एकटी ठेवली की दार ओरबाडते. ओळखीचे सगळे म्हणतात, "रोज दोन तास पळवा, दमली की गप झोपेल."

हा सल्ला आधी बाजूला ठेवा. ती हिंडते ते ताकद उरली म्हणून नव्हे, भीतीमुळे तिला एका जागी बसवत नाही म्हणून. ठाण्याच्या रस्त्यावर दोन तास म्हणजे रिक्षा, हॉर्न, गल्लीतली कुत्री, अंगावर येणारी मुलं. प्रत्येक दचकण्यानंतर शरीरात वाढलेली ताणाची संप्रेरकं खाली यायला तासन्‌तास लागतात, आणि ती उतरायच्या आत पुढचा धक्का बसला की त्यावर चढतो. म्हणून सकाळी कुकरच्या शिट्टीकडे दुर्लक्ष करणारी कुत्री संध्याकाळी त्याच शिट्टीला भिंतीत घुसू बघते. महिनाभर पळवलंत तर तुमच्याकडे जास्त दमसास असलेली, पण तेवढीच घाबरलेली कुत्री असेल.

पूर्ण वाढलेलं कुत्रं दिवसाकाठी साधारण १२ ते १४ तास झोपतं. तुमची त्याच्या निम्मंही झोपत नसावी, आणि झोप कमी पडली की सहनशक्ती आणखी घटते. पहिल्या दोन आठवड्यांचं उद्दिष्ट एवढंच ठेवा: तिची झोप वाढवायची आणि तिचं जग इतकं लहान करायचं की पुढे काय होणार हे तिला आधीच कळेल. शिकवणं, मिरवणं, नातेवाइकांना दाखवणं हे सगळं नंतर.

त्याही आधी डॉक्टर. शेल्टरमधून आलेल्या कुत्र्याची बेचैनी स्वभावाची आहे असं ठरवण्यापूर्वी रक्त तपासून घ्या. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे एर्लिकिया आणि बॅबेसिया हे आजार सर्रास आढळतात. त्यात प्लेटलेट्स घसरतात, हिरड्या फिक्या पडतात, भूक जाते, आणि सुरुवातीला घरच्यांना वाटतं की नवीन जागेमुळे सुस्त आहे. काचपट्टीवर रक्त पसरून केलेल्या तपासणीत हे जंतू निसटू शकतात. प्लेटलेट्स कमी असतील तर डॉक्टरांना पीसीआर तपासणीबद्दल विचारा. कुत्र्याचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरेनहाइट असतं, त्यामुळे हाताला गरम लागलं म्हणजे ताप नव्हे. रात्री पंजे चाटत, कान झटकत फिरत असेल तर खाज किंवा कानाचा संसर्ग बघा. थोडी-थोडी शू वारंवार होत असेल तर लघवीची तपासणी करा. नसबंदी झालेल्या माद्यांची काही वेळा झोपेत लघवी गळते. त्यावर औषध असतं, शिस्त लावून उपयोग नसतो. कानाची खाच म्हणजे नसबंदी झाली आणि तेव्हा रेबीजची लस दिली गेली, एवढंच. कधी, हे खाच सांगत नाही. लसीचं कार्ड नसेल तर लस पुन्हा द्या. जंताचं औषधही याच फेरीत. आणि गोचीड अंगावरून गेली म्हणजे घरातून गेली असं समजू नका. ती भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे अंडी घालते.

डॉक्टर घरी येत असतील तर उत्तम. नसतील तर दवाखान्यात गर्दी नसलेली वेळ मागून घ्या आणि नंबर येईपर्यंत तिला बाहेर गाडीत किंवा आडोशाला ठेवा.

आता जागा. दिवाणाखालची जागा तिने स्वतः निवडली आहे, तर ती तिचीच राहू द्या. जुनी गोधडी तिथेच आत सरकवा आणि पाण्याचं भांडं हाताच्या अंतरावर ठेवा. तीन-चार आठवडे ती गोधडी धुऊ नका. तिचा स्वतःचा वास असलेली घरातली ती एकच वस्तू असते. आत हात घालून ओढून काढायचं नाही, वाकून डोकावायचं नाही, मुलांनी तर त्या बाजूला जायचंच नाही. घरात होणारे बरेच चावे अशाच कोंडीत सापडलेल्या कुत्र्यांचे असतात. दिवाण मुख्य दाराजवळ असेल तर आतल्या खोलीत दुसरी तशीच जागा करून ठेवा: टेबलावरून खाली जमिनीपर्यंत सोडलेली चादर, दोन बाजूंना भिंत. ती आपणहून जागा बदलेल. बाल्कनी मात्र बंद. ग्रिलमधून डोकं जात असेल तर घाबरलेल्या कुत्र्याचं अंगही जाऊ शकतं.

फरशीकडे लोक लक्ष देत नाहीत. रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याला व्हिट्रिफाइड टाइल बर्फासारखी असते. पाय सरकतो, ते नखं रोवतं, आणखी सरकतं, मग कडेकडेने भिंतीला घासत चालतं किंवा जागचं हलत नाही. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत रबरी चटया किंवा जुन्या योगा मॅट सलग अंथरा. मधे फूटभरही उघडी फरशी नको. "ती खोलीबाहेर येतच नाही" ही तक्रार कित्येकदा एवढ्यानेच मिटते.

रात्रीच्या येरझाऱ्यांचं साधं कारण बहुधा हे असतं की तुम्ही दार लावून आत निघून जाता. शेल्टरमध्ये ती वीस-पंचवीस कुत्र्यांच्या श्वासात झोपत होती. आठवडाभर कुणीतरी हॉलमध्ये गादी टाकून झोपा, तिच्यापासून पाच-सहा फुटांवर, तिच्याकडे पाठ करून. तिला बोलावू नका. ती सलग झोपायला लागली की दर दोन-तीन रात्रींनी गादी हातभर मागे न्या, किंवा सरळ तिची गोधडी बेडरूममध्ये घ्या. याने कुत्रं लाडावत नाही. झोपेतून उठवायचं असेल तर हात न लावता लांबून हाक मारा. लोखंडी पिंजरा आणला असेल तर दार उघडं ठेवून वर चादर टाका, पण कडी लावू नका. कोंडल्यावर घाबरणारं कुत्रं गजांवर दात आणि नखं तोडून घेतं.

बाहेर दिवसातून तीनदा, १५ ते २० मिनिटं, एकाच वाटेने. पहाटे साडेपाच-पावणेसहा, म्हणजे झाडूवाले आणि शाळेच्या बस यायच्या आधी. दुपारी ऊन उतरल्यावर सोसायटीच्या मागच्या बाजूला. रात्री साडेदहानंतर. चालायचं कमी, हुंगायचं जास्त. पाच मिनिटं एका झाडाच्या बुंध्याशी गेली तरी घाई करू नका, डोकं खाली घालून वास घेणं तिला शांत करतं. माती असलेली जागा शोधा, कारण पेव्हर ब्लॉकवर बरीच गावठी कुत्री शू करत नाहीत.

या फेऱ्यांसाठी सामान नीट हवं. नवीन कुत्री पळालीच तर बहुधा पहिल्या काही आठवड्यांतच पळतात, आणि ती साध्या गळपट्ट्यातून उलटी मागे सरकत डोकं काढून घेतात. ओढल्यावर आवळणारा पण ठरावीक मापाशी थांबणारा मार्टिंगेल पट्टा, छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस, आणि दोन्हींना वेगवेगळी दोरी लावा. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, तीन नकोत. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला घरातही राहू द्या. गुंडाळली जाणारी लांब लीश वापरू नका. मूठ हातातून सुटली की ती फरशीवर खडखडत तिच्या मागे धावते आणि कुत्री तिच्यापासून जीव घेऊन पळते. पट्टा, हार्नेस सगळं चढवून झाल्यावरच मुख्य दार उघडायचं. लिफ्टमध्ये माणसं असतील तर ती जाऊ द्या. आत शिरताना दोरी आखूड धरा, दोघं एकदम शिरा, आणि दार व ती यांच्यामध्ये तुमचे पाय येऊ द्या. दोरी बाहेर आणि कुत्री आत राहून दार बंद झालेलं कुणालाच बघायची वेळ येऊ नये. सुटलीच, तर मागे धावू नका. अशी कुत्री बहुधा जवळच दडून बसते आणि माणसांची वर्दळ थांबल्यावर बाहेर येते. सुटली त्या जागी तिची गोधडी आणि पाणी ठेवा. पहाटे शोधा आणि दिसली की जमिनीवर बसून खाणं स्वतःच्या बाजूला टाका.

हॉलमधल्या शूचं कोडं अवघड नाही. शू करताना कुत्रं पळू शकत नाही, म्हणून भीती वाटते तिथे ते बसत नाही. घरी आल्यावर जरा सैल होतं आणि मग होते. घरातली शू वर्तमानपत्राने टिपून तो कागद खालच्या ठरलेल्या जागी नेऊन ठेवा. तिथे तीन मीटरची सैल दोरी सोडून दहा-पंधरा मिनिटं एका जागी उभे राहा, तिच्याकडे न बघता. नाही केली तर वर या, पण तिला दोरीसकट स्वतःजवळ ठेवा आणि वीस मिनिटांनी पुन्हा खाली जा. केली की ती उठताक्षणी, दोन सेकंदांच्या आत, उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. वर येऊन दिलेलं बक्षीस तिला शूसाठी नसून लिफ्टसाठी वाटतं. घरात झालेली शू टिपून घेतल्यावर तिथे एन्झाइमचा क्लीनर वापरा. फिनाइल नको. त्याने तिच्या नाकाला वास जात नाही, आणि त्या फरशीवर चालून ती पंजे चाटते. ओरडू नका. ओरडल्याने तिला एवढंच कळतं की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं आहे, आणि खाली गेल्यावर दोरीच्या दुसऱ्या टोकाला तुम्हीच असता.

खाण्याचं थोडक्यात. नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढलेल्या १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० किलोकॅलरी लागतात. म्हणजे १०० ग्रॅमला ३५० ते ३८० किलोकॅलरी असलेलं कोरडं खाणं २२० ते २४० ग्रॅम, तीन भागांत. पाकिटावरचा आकडा बघून हिशेब करा. शेल्टरमध्ये जे खात होती ते आठवडाभर तसंच ठेवा, मग ७ ते १० दिवसांत हळूहळू बदला. भात आणि उकडलेली कोंबडी काही दिवस चालते, पण कायम तेवढ्यावर ठेवलं तर कॅल्शियम कमी पडतं. दूध-पोळीने बऱ्याच जणींना जुलाब होतात. कांदा-लसणाचा रस्सा, मनुका, द्राक्षं, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेले शुगर-फ्री पदार्थ अजिबात नकोत. वाटी ठेवून तिथून निघून जा, वीस मिनिटांनी उचला. दोन दिवस काहीच खाल्लं नाही तर वाट न बघता डॉक्टर. रोजच्या खाण्याचा एक भाग वाटीत न देता जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून द्या, हुंगून, उलगडून खाऊ दे. स्टीलच्या ताटलीत घट्ट दही आणि उकडलेला लाल भोपळा पसरून दोन तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि संध्याकाळी सहा-साडेसहाला, म्हणजे बिल्डिंगमध्ये गोंगाट वाढतो तेव्हा, चाटायला द्या.

हात लावण्याचा नियम: ती जवळ आली तर, आडवं बसून, छातीवर किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद खाजवा आणि हात मागे घ्या. ती पुन्हा सरकून आली तर अजून तीन सेकंद. नाही आली तर झालं. डोक्यावरून थोपटणं, वाकून मिठी मारणं हे माणसाचं प्रेम आहे, कुत्र्याला त्यात वरून येणारी सावली दिसते. झोप आलेली नसताना जांभई, खाणं समोर नसताना ओठ चाटणं, तोंड वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवणं, एक पंजा उचलून थिजणं: ही तिची "पुरे" म्हणायची रीत. गुरगुरली तर रागावू नका. गुरगुर बंद केलेलं कुत्रं न सांगता चावतं.

दार ओरबाडण्याला सर्वात जास्त वेळ लागतो. आधी खात्री करा. जुना फोन कॅमेरा म्हणून लावा, बाहेर पडा, जिन्यात बसून बघा. कंटाळलेलं कुत्रं आधी हिंडतं, चप्पल शोधतं, चावतं, झोपतं. एकटेपणाला घाबरलेलं कुत्रं पहिल्या काही मिनिटांतच दाराशी जातं, धापा टाकतं, लाळेचं थारोळं करतं, समोर ठेवलेल्या चिकनला तोंड लावत नाही. दुसरा प्रकार असेल तर एक अट पाळावीच लागते: उपचार चालू असेपर्यंत तिला सोसवतं त्याहून जास्त वेळ एकटी ठेवायची नाही. घरातल्यांच्या रजा वाटून घ्या, शेजारच्या आजींना बसायला सांगा, पैसे देऊन कुणी मिळत असेल तर तेही करा. दिवसा दहा मिनिटं सराव आणि मग ऑफिससाठी नऊ तास गायब, असं केलंत तर सराव फुकट.

सराव असा. किल्ल्या उचला, सोफ्यावर येऊन बसा. चप्पल घाला, भाजी निवडत बसा. दिवसातून चार-पाचदा, या गोष्टींना तिचे कान हलायचे थांबेपर्यंत. मग दारापर्यंत जाऊन परत या. कडीला हात लावून परत. दार उघडून बंद. बाहेर एक सेकंद, दार न लावता. मग दार लावून. पुढे सेकंद वाढवायचे, पण चढत्या क्रमाने नाही: ५, २, ८, ३, १०, ४. रोज वाढतच गेलं तर "प्रत्येक वेळी आधीपेक्षा वाईट" हे ती लगेच ओळखते. एका बैठकीत पाच ते आठ वेळा, मधे एक-दोन मिनिटं तिला खाली बसू द्यायचं. आठवड्यात पाच दिवस, दोन दिवस सुट्टी. कॅमेऱ्यात ती उठून दाराकडे गेली आणि धापा सुरू झाल्या तर वेळ जास्त झाला. दुसऱ्या दिवशी निम्म्यावर या. पहिली तीस-चाळीस मिनिटं गाठायला आठवडे, कधी महिने लागतात. त्यानंतर टप्पे भराभर मोठे होतात.

इथे दोन गोष्टी फसतात. एक म्हणजे जाताना दिलेलं हाडूक. ते संपेपर्यंत ती खाण्यात असते, संपल्यावर मान वर करते तर घर रिकामं. मग हाडूक दिसलं की घाबरायला लागते. सराव खाण्याशिवाय करा. दुसरं म्हणजे सोबतीला दुसरं कुत्रं आणणं. तिला माणूस हवा असेल तर दुसऱ्या कुत्र्याने फरक पडत नाही, आणि तुमच्याकडे दोन घाबरलेली कुत्री होतात.

आवाजांचं गणित वेगळं. मिक्सर, बेल, शिट्टी यांचं रेकॉर्डिंग इतकं हळू लावा की तिचा फक्त कान हलेल. आधी आवाज, एक सेकंदाने चिकन. उलटं केलंत तर तिला चिकनची भीती बसू शकते. बेलचा सूर सरळ बदलून टाका, जुन्या सुराशी झगडण्यापेक्षा सोपं. गणपती-दिवाळीच्या ढोल-ताशे आणि फटाक्यांसाठी मात्र महिनाभर आधी डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला, त्या दिवसांत सराव चालत नाही. घाबरून तुमच्या मांडीशी आली तर बसू द्या. जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज चुकीचा आहे.

औषधाला कमीपणा मानू नका. दार ओरबाडून नखांतून रक्त येत असेल, रात्रीची झोप तीन आठवड्यांनंतरही तुकड्या-तुकड्यांतच होत असेल, किंवा लहान टप्पेही पुढे सरकत नसतील तर डॉक्टरांना फ्लुओक्सेटिन या रोज द्यायच्या औषधाबद्दल विचारा. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका. दवाखाना, प्रवास, फटाके अशा प्रसंगांपुरती ट्रॅझोडोन किंवा गॅबापेन्टिन दिली जातात. मात्रा वजनावर आणि रक्ताच्या रिपोर्टवर ठरते, म्हणून इंटरनेटवरून घेऊ नका. फटाक्यांच्या रात्रीसाठी नुसतं एसप्रोमॅझिन लिहून दिलं तर पुन्हा विचारा. त्याने शरीर सुस्त होतं, भीती तशीच राहते. तुमच्या कपाटातल्या झोपेच्या किंवा अंगदुखीच्या गोळ्या तिला देऊ नका. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंडं जाऊ शकतात. शांत करणारी बिस्किटं आणि स्प्रे यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा बऱ्या प्रशिक्षकाची फी भरा. त्याला आधी विचारा, कुत्र्याने चूक केली तर तुम्ही काय करता? उत्तरात गळफासाचा पट्टा, काट्यांचा पट्टा किंवा "मालक कोण ते दाखवायचं" आलं तर चहा पाजून निरोप द्या.

सुधारणा बहुधा या क्रमाने दिसते: पूर्ण वाटी संपते, कुशीवर पाय पसरून झोपते, दचकल्यावर अंग झटकून मोकळी होते, तुम्ही खोलीत असताना बाहेर येऊन आळस देते. "तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने" (पहिला धक्का ओसरायला, घराची रीत कळायला, पूर्ण रुळायला) हा ढोबळ ठोकताळा आहे. मोठ्या वयात रस्त्यावरून आलेलीला याहून जास्त लागू शकतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एक गोष्ट घरच्यांना घाबरवते. इतके दिवस गप असलेली कुत्री पाहुण्यांवर भुंकायला लागते, वाटीजवळ कुणी गेलं की गुरगुरते. बिघडली नाही, आता तिला आपलं मत दाखवायची हिंमत आली आहे. वाटी काढून घेऊन "सवय" लावू नका. जाता-जाता लांबूनच वाटीत चिकनचा तुकडा टाका आणि पुढे चालू पडा. दोन आठवड्यांत तुमच्या पावलांचा आवाज आला की ती वाटीतून मान वर करून वाट बघेल. तिच्या तोंडातलं काही सोडवायचं असेल तर त्याहून चांगलं काही तीन फुटांवर टाका, ती तिकडे गेली की उचला. पाहुणे यायच्या आधी तिला गोठवलेल्या दह्याच्या ताटलीसकट आतल्या खोलीत ठेवा. ते चहा पिऊन स्थिर बसल्यावर, हार्नेस आणि दोरी लावून बाहेर आणा. पाहुण्यांनी तिच्याकडे बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही, आणि ती परत आत जाऊ लागली तर तिला जाऊ द्यायचं.